पद्माक्काचं थेटर

परवा नव्या घरासाठी स्पीकर बघायला दुकानात गेलो होतो. सेल्समननं ठरलेला प्रश्न विचारला, "सर, काय लावून दाखवू? फायटिंग की गाणी?" मी म्हणालो, "आधी एक टॉवेल द्या." त्याला वाटलं, हात पुसायचे असतील. बिचाऱ्यानं कुठून तरी एक टॉवेल पैदा केला. मी त्याची जाड घडी घातली, डोक्यावरून दोन्ही कानांवर घट्ट ओढून धरली आणि म्हणालो, "आता लावा." बायको हळूच बाजूला सरकली आणि दुसऱ्याच कुणाबरोबर आल्यासारखी फ्रिज बघायला लागली. तिला मी दोष देत नाही. ज्यानं पद्माक्का पाहिली नाही, त्याला हे वेडच वाटणार.

माढ्याहून मी सोलापुरात आलो तो अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात डिस्पॅचचा कारकून म्हणून. पद्माक्का तिथं शिलाई खात्यात होती. मागावरून उतरलेल्या टॉवेलच्या कडा दुमडून शिवायचं तिचं काम. तिनंच मला कुंभारीच्या कामगार वसाहतीत, तिच्या भिंतीला भिंत लागून असलेली खोली भाड्यानं मिळवून दिली. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी आणि बाजारात भांडायला जी भाषा सोयीची पडेल ती, असा तिचा कारभार. आणि आवाज! शिलाई खात्याला लागूनच मागांचं शेड. तिथल्या खडखडाटावर मात करून बोलायची सवय लागलेली, त्यामुळे अक्का "तुला म्हणून कानात सांगते" म्हणाली की समजावं, आता ही बातमी सगळ्या वसाहतीला एकदमच कळणार. मला ती सुरुवातीपासून "ए माढेकर" म्हणायची. माझं खरं नाव तिला माहीत होतं की नाही, याची मला आजही शंका आहे.

पण एवढा दणदणीत आवाज असून अक्का हाक कधी मारायची नाही. टॉवेल झटकायची. मागांच्या शेडमध्ये हाक मारून उपयोगच नसतो. माणसाच्या समोर जायचं, टॉवेल झटकायचा, त्यानं मान वर केली की मग बोलायचं, अशी तिथली रीत. अक्कानं ती रीत सगळ्या जगाला लावली. भाजीवाला, पाणीवाला, आमचे मॅनेजर, सगळ्यांसमोर टॉवेल सटकन वाजायचा. एकदा तिनं स्टँडवरून सुटलेली बस अशी समोर जाऊन टॉवेल झटकून थांबवली होती आणि वर ड्रायव्हरलाच झापलं होतं, "समोर बघून चालीव की!"

दुसरी गोष्ट म्हणजे कव्हरं. विणताना डाग पडलेला, धागा सुटलेला माल कारखान्यात कामगारांना स्वस्तात मिळायचा. अक्का तो आणायची आणि त्याची कव्हरं शिवायची. मिक्सरला कव्हर, टीव्हीला कव्हर, रिमोटला कव्हर, गॅसच्या टाकीला गळ्यापर्यंत बंद कव्हर. "वस्तू उघडी ठिवायची न्हाई रे. धूळ खाती, नजर खाती." माझ्या मोबाईललाही तिनं दोन गुंड्यांचं कव्हर शिवून दिलं होतं. त्या गुंड्या काढेपर्यंत फोन बंद व्हायचा. मग समोरच्याला वाटायचं, मी मुद्दाम उचलत नाही. माझं एक ठरत आलेलं लग्न त्या कव्हरानं मोडलं, असं मी अक्काला चिडून एकदा म्हणालो. तर म्हणाली, "जी पोरगी दोन गुंड्याला थांबंना, ती जन्मभर काय थांबणार?"

घरात दोघंच. ती आणि अंबादासअण्णा. अण्णांची सगळी उमर मागावर गेली होती आणि मागानं त्यांचे कान नेले होते. एकदम नाही, हळूहळू. अगदी ठार बहिरे झाले नव्हते, पण बोलणं त्यांना नुसतं गुणगुणल्यासारखं यायचं. शब्द कळायचा नाही. मग सगळ्याला "हूं" म्हणायचे. "चहा घेता का?" हूं. "पाऊस येईल का?" हूं. "अण्णा, तुमच्या खिशातनं नोट पडली." हूं. अक्का रोज त्यांच्या समोर बसून विचारायची, "इनपडतुंदा?" ऐकू येतंय का? अण्णा तिचे ओठ वाचून मान हलवायचे. ती मान खोटी आहे हे तिला कळायचं, आणि तिला कळतंय हे अण्णांनाही कळायचं.

दवाखान्यातून कानाचं मशीन आणलं होतं. अण्णांनी ते लावलं, थोडा वेळ बसले आणि काढून कपाटात ठेवलं. "परत माग सुरू झाला डोक्यात," एवढंच म्हणाले, असं अक्कानं सांगितलं. त्यालाही अक्कानं छोटं कव्हर शिवलं होतं, ते कव्हरासकट पडून राहिलं.

अण्णांना मागून हाक मारून काही उपयोग नव्हता. एकदा एमआयडीसीच्या रस्त्यावर मागून आलेली मोटरसायकल त्यांना घासून गेली. लागलं फार नाही, पण त्यानंतर त्यांनी रस्त्यावर जाणंच सोडलं. दारासमोरच्या कट्ट्यावर भिंतीला पाठ लावून बसायचे. मागून काही येऊ नये म्हणून भिंत. हे मला अक्कानं सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आलेला मी ऐकला.

हेच अण्णा एकेकाळी काय माणूस होते, हे ती मला रंगवून रंगवून सांगायची. दर सुट्टीला दोघं सिनेमाला जायची. तेलुगू सिनेमा लागला की अण्णा पुढच्या रांगेत. हिरो पडद्यावर यायच्या आधी यांची शिटी. व्हिलनला शिव्या, आईच्या प्रसंगाला रडणं, आणि घरी आल्यावर सगळा सिनेमा डायलॉगसकट अक्काला परत करून दाखवायचे, ती शेजारी बसून बघून आली असताना! पुढं ते थेटर पडलं, तिथं मंगल कार्यालय झालं. अण्णांचे कानही त्याच सुमाराला गेले. घरचा टीव्ही लावला की ते थोडा वेळ हलणारे ओठ बघायचे आणि उठून कट्ट्यावर जायचे. आवाज मोठा केला तर वसाहत भांडायला यायची आणि अण्णांना तरी काही कळायचं नाही, नुसता गोंगाट वाढायचा.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत अक्कानं माझ्या टेबलासमोर येऊन टॉवेल झटकला. "ए माढेकर, मला बिशी लागली! घरात थेटर आणणार हाय मी. चारी बाजूनी आवाज येतोय म्हणं ते. ह्येंना बाजूला बसवून एक आख्खा सिनेमा दाखवायचाय. एक! मदीच उठून न्हाई गेलं पायजेत."

मला काय उत्साह चढला म्हणून सांगू! आयुष्यात मला कुणी महत्त्वाचं काम असं दिलंच नव्हतं. मी मोबाईलवर स्पीकरचे व्हिडिओ बघायला बसलो ते भात करपेपर्यंत. वॅट, चॅनेल, बास, साऊंडबार, सगळं पाठ केलं. अक्का सोबत बसून ऐकायची आणि आपल्या भाषेत लावून घ्यायची. फाइव्ह पॉइंट वन म्हणजे पाच स्पीकर आणि एक मोठा बासचा डबा, हे मी समजावलं. तिनं लगेच नाती जोडली. पुढचे दोन म्हणजे दीर, मागचे दोन म्हणजे जावा, मधला म्हणजे घरचा बोलका माणूस, आणि बासचा डबा म्हणजे सासरा. "कोपऱ्यात बसून नुसता घुमतोय, पण सगळं घर हलवतोय. व्हय का न्हाई?" खोक्यावरचे वॅटचे मोठमोठे आकडे मी कौतुकानं वाचून दाखवले, तर म्हणाली, "ते लग्नपत्रिकेतल्या नावासारखं हाय रे. छापायला काय जातंय?" आणि खरोखरच, ते आकडे किती फुगवलेले असतात हे मला नंतर कळलं.

माझा जीव साऊंडबारवर होता. सडपातळ, देखणा, वायरींचा पसारा नाही. अक्काचा मात्र कशावरच विश्वास नव्हता. स्पीकर कसा पारखायचा याची तिची स्वतःची युक्ती तयार होती. तिनं मोबाईल मागांच्या शेडमध्ये मधोमध धरून आवाज भरून आणला होता. "सिनेमातलं विमान खरं का खोटं, मला काय ठाव? मी कदी विमानात बसले? पण माग मला ठाव हाय. शेडमदी मदी उभारलं की पुडनं, मागनं, उजवीकडनं, डावीकडनं, चारी अंगानी खटाक खटाक येतोय. ज्या मशीनमदनं माग मागनं येईल, ती मशीन खरी."

मला तर हे ऐकून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आम्ही दोघं माझ्या गाडीवर नवी पेठेत गेलो आणि दुकानामागून दुकान पालथं घातलं. प्रत्येक ठिकाणी एसीतला चकचकीत सेल्समन काहीतरी स्फोट, हेलिकॉप्टर असं लावायचा. अक्का त्याच्यासमोर टॉवेल झटकायची, मोबाईल पुढं करायची आणि म्हणायची, "ते बंद करा. माग लावा." मग त्या गारेगार काचेच्या दुकानात आमचं शेड सुरू व्हायचं. खटाक खटाक खटाक! गिऱ्हाइकं दचकून बाहेर बघायची. अक्का मधोमध डोळे मिटून उभी राहायची, एक बोट वर करून. मग डोळे उघडायची. "मागनं येईना. चल रे."

पुढचं दुकान. परत खटाक खटाक. "मागनं येईना. चल." महाग, स्वस्त, देशी, परदेशी, एकही मशीन पास होईना. सगळं मार्केट लबाड आहे, असं तिचं मत पडलं आणि माझंही पडत चाललं.

शेवटी आम्ही रफिकभाईंच्या दुकानात पोचलो. बोळातलं अरुंद दुकान, खाली दुरुस्ती आणि वरच्या माळ्यावर विक्री. रफिकभाई पांढऱ्या दाढीचे, शांत माणूस. त्यांनी माग लावला, पूर्ण ऐकला, अक्काचा निकालही ऐकून घेतला. मग तिचा मोबाईल हातात घेऊन उलटसुलट करत म्हणाले, "अक्का, एक बात बोलू? रागवायचं नक्को. हे मशीन झूट नाही बोलत. तुमच्या मोबाईलला कान एकच हाय. शेडमधी चारी तरफ से माग वाजला, पण ह्यानं सगळा एकाच छेदातून आत घेतला. जे एका बाजूनं आत गेलं, ते चार बाजूंनी बाहेर कसं यायचं?"

अक्कानं त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. दिवसभर व्हिडिओतलं ज्ञान पाजळणारा मी, माळ्यावरचे स्पीकर न्याहाळायला लागलो. आम्ही अर्ध्या नवी पेठेला लबाड ठरवून आलो होतो आणि लबाडी आमच्या खिशात होती! अक्काला एकदम हसू फुटलं. टेबलावर थापा मारत हसली. "अगं माय, म्हंजे मोबाईलबी आमच्या ह्येंच्यासारखाच की!"

आणि बोलता बोलता ती थांबली. काहीतरी सुचल्याचं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. पिशवीतून तिनं टॉवेल काढला, घडी घातली, कानांवर ओढली आणि हनुवटीखाली गाठ मारली. वरून दुसरा टॉवेल गुंडाळला. "आता लावा," ती ओरडली, कारण आपला आवाज तिला ऐकू येत नव्हता. "मला माझ्या कानानं न्हाई ऐकायचं. त्येंच्या कानानं ऐकायचंय!"

रफिकभाईंनी तेलुगू सिनेमा शोधून लावला. आई आणि मुलाचा प्रसंग होता. पहिल्यांदा माझा लाडका साऊंडबार. अक्का कपाळाला आठ्या घालून उभी. "न्हाई! डाळ शिजल्यासारखं यायलंय!" शिवाय रफिकभाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की हा आवाज भिंतीवर आपटून मागं नेतो, तर अक्काच्या खोलीत मागं भिंत आहे का? मी आठवून बघितलं. मागं दार होतं, आणि ते दिवसभर उघडं असायचं. माझा साऊंडबार तिथंच मेला.

दुसरं मशीन. डाळ. तिसरं मशीन, त्यात बास एवढा की रॅकवरच्या वस्तू हलल्या. "सासरा कुणाला बोलूच देईना!" मग रफिकभाईंनी मागच्या रॅकमधून एक काळा, ढब्बू, बिलकुल देखणा नसलेला सेट काढला. वायरी बघूनच मला घाम फुटला. पण त्यात मधला स्पीकर वेगळा होता आणि रिमोटवर त्याचा आवाज एकट्याचा वाढवता येत होता. सिनेमात माणसं जे बोलतात ते बहुतेक या मधल्या स्पीकरमधून येतं, असं रफिकभाईंनी सांगितलं. त्यांनी बास उतरवला, मधला चढवला. तोच प्रसंग परत लावला.

अक्काचा चेहरा टॉवेलाच्या आत हळूहळू बदलत गेला. डोळे मोठे झाले. "तिनि पो!" ती किंचाळली. "तिनि पो म्हणाली! आई लेकराला जेवून जा म्हणाली! ऐकू आलं रे माढेकर, ऐकू आलं मला!"

खालच्या दुरुस्तीवाल्यांपासून शेजारच्या दुकानदारापर्यंत सगळे जिन्यात जमले. दोन टॉवेल गुंडाळलेली एक बाई माळ्यावर उड्या मारत होती आणि मीही मारत होतो. दुकानात सगळ्यात स्वस्त नसला तरी तो सेट बिशीच्या पैशांत बसत होता. अक्कानं भाव फार ताणला नाही, त्याऐवजी जादा वायर, मागच्या स्पीकरचे स्टँड आणि "घरी येऊन ऐकीन" असा रफिकभाईंचा शब्द पदरात पाडून घेतला.

पुढच्या सुट्टीच्या दुपारी थेटर सुरू व्हायचं ठरलं. मी वायरी जोडल्या. तोवर वसाहतीतली अर्धी माणसं दारात जमली होती. अक्कानं समोरून टॉवेल झटकून अण्णांना कट्ट्यावरून उठवलं, हाताला धरून आणलं, खुर्चीत बसवलं. लग्नानंतर दोघांनी पहिला बघितलेला सिनेमा लावला. चारी बाजूंचा आवाज नव्यानं भरलेला तो रफिकभाईंनीच पेनड्राईव्हवर शोधून दिला होता.

आवाज आला तो गोधडीखालून आल्यासारखा. मी मधला वाढवला, सगळेच वाढवले. गोधडी काही निघेना. दारातली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. अण्णांनी पडद्याकडे बराच वेळ बघितलं, अक्काला वाईट वाटू नये म्हणून एकदा मानही हलवली. मग हळूच उठले, चप्पल पायात सरकवली आणि कट्ट्यावर जाऊन भिंतीला पाठ लावून बसले.

अक्का रिमोट हातात घेऊन तशीच उभी राहिली. मला फार वाईट वाटलं, आणि माझं काही चुकलं की काय या भीतीनं मी वायरी परत परत ओढून बघत राहिलो. मग तिनं पदर खोचला. "गाडी काढ."

रफिकभाईंनी दुकानात तिचा सगळा संताप ऐकून घेतला आणि शटर अर्धं ओढून ते आमच्या मागोमाग आपल्या स्कूटरवर कुंभारीला आले. खोलीत पाऊल टाकलं आणि दारातच थबकले.

"या अल्ला! अक्का, स्पीकर को स्वेटर?"

पाचही स्पीकरना आणि बासच्या डब्याला जाड टॉवेलची कव्हरं होती. अंगाबरोबर बसलेली, पुढून पूर्ण बंद, मागं गुंड्या. प्रत्येकावर लाल दोऱ्यानं एक फूल. आदल्या दिवशी कामावरून येऊन अक्कानं हौसेनं शिवली होती. आणि मी? मी वायरी जोडताना ती कव्हरं बघितली होती आणि मला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं! तिच्या घरात कव्हर नसतं तरच मी विचारलं असतं.

"दुकानात टॉवेल कानावर, घरात टॉवेल स्पीकरवर," रफिकभाई गुंड्या काढत म्हणाले. "आवाजानं जायचं तरी कुटून?"

अक्कानं तोंडावर हात ठेवला. हसायला लागली ती भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पण अडचण संपली नव्हती. कव्हरं काढल्यावर आवाज असा मोकळा सुटला की सिमेंटच्या भिंतींवर आपटून खोली घुमायला लागली. रफिकभाई म्हणाले, भिंतींना काहीतरी जाड कापड पाहिजे, पडदे वगैरे. पडदे म्हणे! सोलापुरात! अक्कानं ट्रंक उघडली आणि आत लग्नापासून साठवलेल्या चादरी बाहेर यायला लागल्या. मोराच्या, चौकटीच्या, फुलाफुलांच्या. मी स्टुलावर चढून खिळे मारले. तासाभरात ती खोली चादरींच्या दुकानासारखी दिसायला लागली आणि घुमणं थांबलं. जाताना रफिकभाईंनी तंबी दिली, "अक्का, आता काही झाकायचं नाही." तरीही त्यांची स्कूटर वळल्याबरोबर अक्कानं बासच्या डब्याच्या माथ्यावर एक चौकोनी रुमाल टाकलाच. "सासऱ्याचं डोकं उघडं बरं दिसतंय का?"

पुढच्या सुट्टीला तिनं कुणालाच बोलावलं नाही. मी होतो तो मशीन बिघडलं तर म्हणून, दाराजवळ पाटावर. अण्णा टॉवेलच्या इशाऱ्यावर आले, बायकोची हौस मोडू नये म्हणून बसले. त्यांच्या पाठीशी भिंत नव्हती. स्टँडवर ठेवलेले मागचे दोन स्पीकर होते आणि त्यांच्या मागं उघडं दार. तोच सिनेमा सुरू झाला. अक्का पडद्याकडे बघतच नव्हती. ती अण्णांकडे बघत होती. अण्णा स्वस्थ होते. मी मनातल्या मनात म्हणत होतो, अण्णा, उठू नका, कृपा करून उठू नका.

पडद्यावर गावाचा रस्ता होता. हिरॉईन डोक्यावर घागर घेऊन चालली होती. आणि मागच्या स्पीकरमधून सायकलची घंटी वाजली. ट्रिंग ट्रिंग, खणखणीत.

अण्णांनी झटकन पाय आखडून घेतले, खुर्ची बाजूला सरकवली, वाट मोकळी करून दिली आणि मान पूर्ण मागं वळवून म्हणाले, "एवरू?"

कोण आहे? एवढाच अर्थ. दारात कुणी नव्हतं. मोटरसायकल घासून गेली त्या दिवसापासून तो माणूस मागं वळला नव्हता, कारण मागून त्याच्यासाठी काही येतच नव्हतं. अक्का उठून उभी राहिली. रडत होती की हसत होती, कळायला मार्ग नव्हता. टॉवेल डोक्यावर गरागरा फिरवत होती. मला ओरडली, "मागं घे, मागं घे!" मी सिनेमा मागं घेतला. ट्रिंग ट्रिंग. अण्णा परत वळले. अक्कानं परत मागं घ्यायला लावला. परत घंटी, परत अण्णांची मान. असं किती वेळा झालं मला ठाऊक नाही. शेवटी अण्णाच वैतागले. "सिनिमा पुढं जाऊ द्या की!" म्हणाले. हूं सोडून त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं अख्खं वाक्य.

सगळे शब्द त्यांना कळले, असं म्हणणार नाही. बरेच निसटले असतील. पण ते उठले नाहीत. हिरोनं व्हिलनची गचांडी धरली तेव्हा त्यांनी दोन बोटं तोंडात घातली. आधी नुसती हवा निघाली. दुसऱ्यांदा शिटी वाजली, आणि वसाहतीतली कुत्री भुंकायला लागली.

त्यानंतर एक बदल माझ्या लक्षात आला. अक्का अण्णांच्या शेजारी बसेना. तिनं आपली खुर्ची मागं नेली, मागच्या स्पीकरला अगदी खेटून. मी म्हणालो, "अक्का, तुम्हाला बाजूला बसून बघायचा होता ना सिनेमा? तिथं तुमच्या कानात नुसती घंटी बसंल."

"बसू दे," ती म्हणाली. "घंटी वाजली की ते मागं वळून बगत्यात. बगितल्यावर तितं कोण तरी पायजे का नको?"

पुढं मला दुसरीकडं नोकरी लागली आणि मी कुंभारी सोडली. निघायच्या दिवशी गाडीला सामान बांधून निरोप घ्यायला तिच्या दारात गेलो. भर दुपारची लाईट गेली होती. टीव्ही बंद, मशीन गप्प, भिंतींवर मोरांच्या चादरी. अण्णा पुढं त्यांच्या खुर्चीत बसले होते. अक्का मागं, गप्प पडलेल्या स्पीकरशेजारी, मांडीवर टॉवेल घेऊन कड शिवत होती. मी बोलणार, एवढ्यात तिनं बोटानं थांब म्हणून खूण केली.

अण्णांनी मान वळवली. घंटी नाही, हाक नाही, काही नाही. आपले आपणच मागं वळले आणि तिच्याकडं बघून म्हणाले, "एवरू?"

अक्कानं मांडीवरचा टॉवेल उचलून हवेत झटकला. "नेने," म्हणाली. मीच. मग मला म्हणाली, "रा, कूसो. ये, बस. च्या पिऊन जा," आणि सुईत दोरा ओवायला लागली.